रंग नाही, वास नाही, चव नाही

हायड्रोजनची ओळख शाळेत तीन नकारांनी करून देतात. रंग नाही, वास नाही, चव नाही. पुढे आणखी एक ओळ असते: हवेपेक्षा हलका, पाण्यात अगदी कमी विरघळतो, ज्वलनशील, जळती काडी जवळ नेली की 'पॉप' असा आवाज होतो. दोन गुण खिशात, पुढचा प्रश्न. मी कोपरखैरण्यात नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. दरवर्षी ही उत्तरं वह्यांतून जशीच्या तशी परत येतात. कोणी विसरत नाही, आणि परीक्षा झाल्यावर कोणाला ती कामालाही येत नाहीत.

आमच्या घरात मात्र ती रोज कामाला यायची. माझे पप्पा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कॉस्टिक कारखान्यात 28 वर्षं ऑपरेटर होते. पाटण तालुक्यातून आलेले, आयटीआयला एओसीपी केलेले, म्हणजे केमिकल प्लांटचे ऑपरेटर. आणि मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ, तोही एओसीपी, पनवेलच्या पुढच्या एका औद्योगिक वसाहतीत हायड्रोजनवरच कामाला लागला. तेव्हापासून पुस्तकातल्या त्या दोन ओळींकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

कॉस्टिक कारखान्यात हायड्रोजन कुठून आला, हे आधी सांगते. सुरुवात मिठापासून होते. आज जिथे नवी मुंबईचे टॉवर आणि आयटी पार्क उभे आहेत, तिथल्या खाडीकाठी भातशेती आणि मिठागरं होती. आगरी समाजाचं नावच आगरावरून आलं. साठच्या दशकात एमआयडीसीचे कारखाने आले, 1970 मध्ये सिडको आली आणि जमिनीचं रूप बदललं. पण मिठाशी नातं वेगळ्या वाटेने टिकलं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की तीन गोष्टी मिळतात: कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन. साबण, कागद, कापड यांना कॉस्टिक लागतं. पीव्हीसीच्या पाइपांना आणि नळाचं पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. हायड्रोजन आपोआप आलेला तिसरा पाहुणा.

तोही किती? एक टन कॉस्टिक तयार झालं की सुमारे 886 किलो क्लोरीन निघतो आणि हायड्रोजन निघतो फक्त 25 किलो. वजनाने एक सिमेंटची गोणीसुद्धा नाही, अर्धीच. पण ते 25 किलो मोकळे सोडले तर सुमारे 280 घनमीटर जागा व्यापतील, म्हणजे आमच्या घरासारखी तीन घरं जमिनीपासून छतापर्यंत भरतील. हायड्रोजनचं सगळं गणित या एका विसंगतीत आहे. वजन नगण्य, पसारा अफाट.

पप्पांच्या कारखान्यात त्याचं काय व्हायचं? थोडा क्लोरीनबरोबर भट्टीत जाळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनवायचे. थोडा बॉयलरला जायचा. उरलेला उंच पाइपातून आकाशात. लहानपणी मला वाटायचं, इतकी मेहनत करून बनवलेली वस्तू कोणी अशी सोडून कशी देतं. पप्पा म्हणायचे, "त्याला धरून ठेवायला जेवढा खर्च येतो ना, तेवढा त्याला जन्माला घालायलाही येत नाही."

*

आता पहिला नकार: वास नाही.

पप्पा पहिल्या पाळीवरून आले की मम्मी त्यांचा शर्ट बादलीत टाकण्याआधी नाकाशी धरायची. क्लोरीनचा वास कपड्यात राहतो. ज्या दिवशी तो जास्त यायचा, त्या दिवशी कारखान्यात काहीतरी झालंय हे तिला न सांगता कळायचं. क्लोरीन भयंकर आहे, पण लपत नाही. हवेत अगदी थोडा असला तरी नाक आणि डोळे बोंब मारतात. पप्पांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "क्लोरीन म्हणजे भांडखोर शेजारी, येतो तोच ओरडत. हायड्रोजन चपला हातात घेऊन येतो."

तुम्ही म्हणाल, घरातल्या गॅसला तर वास येतो. तो वास एलपीजीचा नाहीच. एलपीजीलाही जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन नावाचा गंधकयुक्त पदार्थ मुद्दाम मिसळतात. सडक्या कोबीसारखा जो वास येतो, तो माणसाने दिलेला इशारा आहे. हायड्रोजनमध्ये असं काही मिसळणं अवघड, कारण तो जिथे वापरायचा तिथली उत्प्रेरकं गंधकाने खराब होतात. शिवाय हायड्रोजन इतका चपळ की तो पुढे निघून जाईल आणि जड वासाचे रेणू मागे रेंगाळतील. म्हणजे इथे नाक बाद. मम्मीच्या पद्धतीला या वायूपुढे काही किंमत नव्हती, आणि ते तिला ठाऊक होतं.

दुसरा नकार: रंग नाही. तो नुसता वायूलाच नाही असं नाही, त्याच्या ज्योतीलाही जवळजवळ नाही. मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसते, कारण तिच्यात काजळीचे तापलेले कण चमकत असतात. हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही, मग काजळी कुठून येणार? फिकट निळी ज्योत असते, आणि भर उन्हात ती डोळ्यांना दिसत नाही. वर तिची धगही कोळशाच्या किंवा लाकडाच्या आगीसारखी लांबून जाणवत नाही. म्हणजे माणूस थेट आगीत हात घालेपर्यंत त्याला आग आहे हे कळणारच नाही.

यावर जुन्या लोकांनी शोधलेला उपाय जगभरात एकच आहे, आणि तो आपल्या घरातही असतो: झाडू. गळती होऊन पेटलंय असा संशय आला की लांब दांड्याचा झाडू पुढे धरून हळूहळू चालायचं. झाडूचं टोक पेटलं की तिथे ज्योत आहे. आता थर्मल कॅमेरे आले, अतिनील किरण टिपणारी यंत्रं आली. पण पप्पांनी उमेदवारीत पहिल्या आठवड्यात झाडूच हातात घेतला होता. "मला वाटलं साफसफाईला लावलं," ते हसून सांगतात.

ही ज्योत जळून तयार काय होतं? पाणी. 1766 मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने या वायूचा नीट अभ्यास केला, तेव्हा त्याला नुसतं 'ज्वालाग्राही हवा' म्हणत. पुढे लव्हाझिएने त्याला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, हायड्रोजन, म्हणजे पाणी जन्माला घालणारा. जुन्या शास्त्रीय मराठीत त्याच अर्थाचा 'उद्‌जन' शब्द होता. ना राख, ना धूर. एखाद्या आगीचा मागे काहीच पुरावा राहू नये, राहिलाच तर थोडं दव, हे मला अजूनही विचित्र वाटतं.

*

'हवेपेक्षा हलका' या शब्दांखाली मात्र खूप काही दडलेलं आहे.

एक लिटर हवेचं वजन सुमारे 1.29 ग्रॅम. एक लिटर हायड्रोजनचं 0.09 ग्रॅम. चौदा पटींपेक्षा जास्त फरक. त्याच्या रेणूंचा नेहमीच्या तापमानाला सरासरी वेग सेकंदाला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास असतो. मध्ये इतर रेणूंची धक्काबुक्की नसती, तर वाशी ते कोपरखैरणे हे अंतर त्याने तीन सेकंदांत कापलं असतं. पृथ्वीसुद्धा त्याला नीट धरून ठेवू शकत नाही. विश्वात सगळ्यात जास्त असलेलं हे मूलद्रव्य आपल्या हवेत दहा लाख भागांत अर्ध्या भागाएवढंच आहे. आपल्याकडचा सगळा हायड्रोजन पाण्यात, तेलात, अन्नात, शरीरात, म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या हाताला धरून बसलेला आहे.

कारखान्यात या हलकेपणाचा अर्थ एकच: वर बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीवर पसरतो. हायड्रोजन छताखाली जाऊन बसतो. म्हणून त्याच्या शेडला छताच्या टोकाशी मोकळी जागा ठेवतात आणि गॅस डिटेक्टर वर लावतात. उघड्यावर गळती झाली तर हाच हलकेपणा वाचवतो, वायू क्षणात वर निघून जातो. बंद खोलीत हाच हलकेपणा घात करतो.

आम्हाला लहानपणी गॅसचा फुगा कधी मिळाला नाही. गावच्या जत्रेत फुगेवाल्याजवळ लोखंडी टाकी असायची. तिच्यात तो कॉस्टिकचं पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकायचा. दोघांची गाठ पडली की हायड्रोजन निघतो, आणि भरपूर उष्णताही. गंजलेली टाकी, दाब मोजायला काही नाही, बाजूला भज्यांचा स्टोव्ह. एका वर्षी पप्पा त्याच्याशी बराच वेळ बोलत उभे राहिले. मला वाटलं भांडतायत. तर दोघांनी मिळून टाकी उचलली आणि पार लांब, चिंचेखाली नेऊन ठेवली. मला साधा, तोंडाने फुगवलेला फुगा मिळाला. मी रडले. ऑक्टोबर 2023 मध्ये लातूरला फुग्यात गॅस भरायच्या टाकीचा स्फोट होऊन विक्रेत्याचा जीव गेला आणि भोवती जमलेली मुलं जखमी झाली. ती बातमी वाचून पप्पा टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसले. वाढदिवसाच्या फुग्यात हेलियम आहे की हायड्रोजन, हे विचारायची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही. दोन्ही फुगे सारखेच वर जातात.

*

हायड्रोजनला पेटायला लागतं तरी किती? हवेत एलपीजी साधारण 2 ते साडेनऊ टक्के असेल तरच पेटतो. हायड्रोजन 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत पेटतो. ठिणगी म्हणाल तर 0.02 मिलिज्यूल पुरते, एलपीजीला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना जी चटचट बोटांना जाणवते, तिच्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. म्हणून सुती कपडे. म्हणून खास बूट, पितळी हत्यारं, मोबाइल गेटवर जमा. सिलिंडर लाल, आणि त्याचे आटे उलटे. नेहमीच्या हाताने नळी फिरवली तर बसतच नाही. माणूस विसरणार हे गृहीत धरून कोणीतरी ते आटे उलटे पाडलेत, हे मला फार आवडतं.

तो सिलिंडर बघितला तर साठेक किलोचा. आत 150 पट दाबाने भरलेला हायड्रोजन जेमतेम अर्धा किलो. एका किलोत पेट्रोलच्या पावणेतीन पट ऊर्जा, पण ते एक किलो पकडून ठेवायला एवढं पोलाद. द्रव करायचा म्हटलं तर उणे 253 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. पोलादही निर्धास्त नाही. या वायूचे अणू धातूच्या आत शिरतात आणि कालांतराने काही जातींचं पोलाद ठिसूळ करतात. आणखी एक उफराटी गोष्ट: डिओ मारला की गार लागतो, कारण दाबातून सुटलेला वायू सहसा थंड होतो. नेहमीच्या तापमानाला हायड्रोजन उलट किंचित गरम होतो.

इतका नाठाळ वायू मग हवाय कशाला? कारण आपलं जगणं त्याच्यावर चालतं. द्रव तेलाला निकेलच्या साक्षीने हायड्रोजन पाजला की ते घट्ट होतं. 1930 च्या दशकात शिवडीत वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, 1937 मध्ये डालडा बाजारात आला. त्याच वर्षी 6 मे रोजी अमेरिकेत हिंडेनबर्ग हे हायड्रोजनने भरलेलं हवाई जहाज जळून 36 जण मेले. एकच वायू, तिकडे आगीचा लोळ आणि इकडे लाडू. (पुढे त्या तुपातल्या ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम कळले आणि 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आली, तो वेगळा विषय.) खाडीपलीकडे माहुलच्या रिफायनऱ्यांत पेट्रोल-डिझेलमधलं गंधक काढायला हायड्रोजनच लागतो, 1 एप्रिल 2020 पासूनचं बीएस-6 इंधन त्याच्याशिवाय अशक्य. अलिबागजवळच्या थळच्या युरियामागे अमोनिया आहे आणि अमोनियामागे हायड्रोजन. तुमच्या ताटातला भात आणि तुमची बाईक, दोन्हींत तो येऊन गेलेला असतो.

आणि आता बिनरंगाच्या या वायूला लोकांनी रंग दिलेत. नैसर्गिक वायूपासून काढला तर ग्रे. एक किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सौर किंवा पवन विजेने पाणी फोडून काढला तर ग्रीन. केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटींचं नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट. महाराष्ट्राचं धोरणही त्याच वर्षी जुलैत आलं. एक किलोला किमान 9 लिटर पाणी आणि 50 ते 55 युनिट वीज लागते. आमच्या घराच्या महिन्याच्या विजेत असा तीनेक किलो बनेल. हवामान वाचवायचं तर हे करावं लागेल, हे मला पटतं. पण ग्रीन म्हणा नाहीतर ग्रे, नळीतून निसटताना तो सारखाच. तोच हलका, तोच 4 टक्क्यांना पेटणारा. जाहिरातीत हिरवं पान दिसतं. त्या नळीजवळ आठ तास उभा राहणारा पोरगा दिसत नाही.

*

आमचा पोरगा औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, कंत्राटदारामार्फत. बंद भांड्यात हायड्रोजनचा दाब देऊन अभिक्रिया घडवतात, सोबत रॅने निकेल, जे कोरडं पडलं तर नुसत्या हवेने पेटतं. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा मम्मीने पगार विचारला, मी बसचं विचारलं. पप्पांनी विचारलं, "शेडचं छत कसलं आहे?"

"पत्र्याचं असेल की. बघितलं नाही."

"डिटेक्टर वर आहे का खाली?"

"पप्पा, पहिला दिवस होता."

"लाइन उघडायच्या आधी नायट्रोजन मारता, त्याचं रीडिंग कोण घेतं?"

तीन दिवसांनी तो उत्तरं घेऊन आला. नायट्रोजनचं ठीक होतं, रीडिंग घेत होते. पण शेडमधला एकमेव डिटेक्टर गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. पूर्वी तिथे जड बाष्पाची द्रावकं हाताळायचे, तेव्हापासूनचा. हायड्रोजन आला, डिटेक्टर वर गेला नाही. हातातला गॅस मीटर होता, पण एकच, आणि तो कायम कामगारांकडे असायचा. त्याने सुपरवायझरला सांगितलं. उत्तर आलं, "ऑडिटच्या वेळी बघू."

त्या रात्री घरात जे बोलणं झालं, त्यात रसायनशास्त्र नव्हतं. मम्मी म्हणाली, सोडून दे. भाऊ म्हणाला, कंत्राटी माणसाने जास्त विचारलं की उद्यापासून येऊ नको म्हणतात, वर कारणही देत नाहीत. दोघांचंही खरं होतं. पप्पा कायम नोकरीत होते, त्यांच्यामागे युनियन होती. त्यांचं धाडस याला उसनं देता येण्यासारखं नव्हतं. त्यांनाही ते कळत होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भांडू नको. शिफ्टच्या लॉगबुकात एक ओळ लिही. तक्रार म्हणून नको, निरीक्षण म्हणून. तारीख, वेळ, डिटेक्टर जमिनीपासून किती फुटांवर. बोललेलं छताला जातं, लिहिलेलं खाली राहतं."

त्याने लिहिलं. पुढच्या शिफ्टच्या एका कायम ऑपरेटरने खाली सही केली. त्याच्या पुढच्यानेही केली. पाच-सहा आठवडे काही झालं नाही. मग एका रविवारी शिडी आली आणि छताच्या टोकाखाली नवा डिटेक्टर बसला. कोणी काही बोललं नाही, भावाला शाबासकी मिळाली नाही, नोकरीही गेली नाही. हातातला मीटर आजही दोन माणसांत एकच आहे. ती ओळ लॉगबुकात लिहून झालीय, उत्तर यायचंय.

मीटरवर 100 म्हणजे हवेत 4 टक्के हायड्रोजन, पेटण्याची सीमा. 10 दिसले, म्हणजे 0.4 टक्के, तरी काम थांबवून बाहेर यायचं. हे भावाने मम्मीला ओट्याजवळ उभं राहून दोनदा समजावलं. तिने शर्टाचा वास घेणं सोडून दिलंय; त्यातून काही कळणार नाही हे तिने मान्य केलंय. आता तो दारात बूट काढत असतानाच ती आतून विचारते, "मीटर?"

"झिरो."

मग ती ताट वाढते.